दोष खाऱ्या हवेचा?

२००३-०४ च्या आसपास रत्नागिरीत ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना हा आजार आठवत असेल. मशीन चालता चालता गोठायचं. माऊसचा बाण जागच्या जागी, कॅप्स लॉक दाबलं तरी दिवा पेटत नाही, आणि स्पीकरमधून गाण्याचा एकच तुकडा टर्रर्र करत वाजत राहणार. मग बटण दाबून बंद करायचं आणि पुन्हा चालू करायचं. काही महिन्यांनी पुढची पायरी. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पण स्क्रीन काळी ठिक्कर. तीन-चारदा प्रयत्न केले की एखाद्या वेळी सुरू व्हायचं. आणि मग एक दिवस तेही नाही. "सीपीयू गेला" असं घोषित व्हायचं. (अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची आपली पद्धत आजही आहे. :-) )

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो, त्यामुळे मोठ्यांच्या चर्चा फक्त ऐकायचो. त्या चर्चांमध्ये आरोपी ठरलेले असत. व्हायरस, लाईट आणि खारी हवा. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं की त्या काळात एक चौथा आरोपी जगभर मोकाट फिरत होता. आज त्याचीच गोष्ट.

पण आधी या तिघांबद्दल. कारण त्यांच्यावरचा संशय काही खुळचटपणाचा नव्हता.

व्हायरसचं घ्या. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच नावाच्या व्हायरसने जगभरातली मशीन्स एका दिवसात आडवी केली होती. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. चेर्नोबिलच्या अपघाताची तारीख तीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणू लागले. हा व्हायरस हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा आणि जमलं तर बायॉसची चिपसुद्धा. बायॉस गेलं की मशीन सुरूच होत नाही. त्यामुळे "चालू होत नाही म्हणजे व्हायरस" हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

लाईटचं तर विचारूच नका. रत्नागिरी जिल्ह्यातच, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प. १९९९ मध्ये सुरू झाला, २००१ मध्ये दराच्या भांडणात बंद पडला आणि त्याच वर्षाच्या शेवटी एन्रॉनचंच दिवाळं वाजलं. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी करून २००६ मध्ये तो पुन्हा चालू करावा लागला. मधल्या काळात महाराष्ट्राने लोडशेडिंग भोगलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! लाईट जाताना आणि येताना व्होल्टेज कसंही उड्या मारायचं, आणि स्वस्तातले एसएमपीएस ते मुकाट्याने सोसायचे. सोसेनासं झालं की मरायचे.

आणि खारी हवा? मांडवीपासून भाट्यापर्यंत समुद्र, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पावसाळ्यात लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या जिथे करकरायला लागतात, तिथे रॅमच्या पट्टीवरचे कॉन्टॅक्ट काळे पडणारच. ते खोडरबरने घासून पुन्हा बसवायचे, की मशीन चालू. हा इलाज खरंच लागू पडायचा, अजूनही पडतो.

तर दुरुस्तीवाल्याचा क्रम साधारण असा. आधी रॅम घासायची, मग एसएमपीएस बदलून बघायचा, आणि मशीन अधूनमधून सुरू होत असेल तर विंडोज फॉरमॅट करायचं. तरीही गोठतंय? मग "बोर्ड गेला. नवीन टाका."

आता बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

पेंटियम ४ च्या काळातल्या प्रोसेसरला साधारण दीड व्होल्ट लागायचे, पण करंट मात्र ४०-५० अँपिअर. घरातल्या गीझरचा पॉइंट १६ अँपिअरचा असतो, म्हणजे बघा! एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट दीडवर आणायचं काम मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी चालतं. सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होणारे स्विच तिथे असतात, आणि त्यांच्या पुढे उभे असलेले दंडगोल कपॅसिटर तो खडबडीत प्रवाह सपाट करतात. वाड्यातल्या पाण्याच्या टाकीसारखं समजा. नळाला धार कशीही येवो, टाकीतून पाणी एकसारखं मिळतं.

या कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमची पातळ पत्री आणि कागद यांची अळूवडीसारखी गुंडाळी असते. कागद एका द्रवात भिजवलेला. प्रोसेसर वेगवान झाले तसा प्रवाहाला कमीत कमी अडथळा करणारा द्रव हवा झाला, म्हणून त्यात पाण्याचं प्रमाण वाढवलं गेलं. हे स्वस्तही पडतं. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन निघतो. ते रोखायला द्रवात नेमकी रसायनं घालावी लागतात. ती नसतील किंवा चुकली असतील तर आत हळूहळू वायू साठत जातो. डोक्यावरची सपाट टोपी फुगते, फुली मारलेल्या खाचेतून उकलते आणि तपकिरी चिकट द्रव बाहेर येतो. कपॅसिटरची ताकद गेली की प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज थरथरायला लागतो, आणि दीड व्होल्टमध्ये थरथरायला जागा ती किती? मशीन गोठतं. सुरू होताना अचानक करंट मागितला जातो, तिथे तर ते मानच टाकतं.

काही कपॅसिटर बाहेरून न फुगताही निकामी व्हायचे. हापूसमधल्या साक्यासारखं. वरून फळ देखणं, कापल्यावर कळतं.

असे कपॅसिटर जगभर फुटायला लागल्याच्या बातम्या २००२ मध्ये येऊ लागल्या. फेब्रुवारी २००३ मध्ये आयईईई स्पेक्ट्रमने त्यावर लेख छापला आणि एक कहाणी सगळीकडे पसरली. रुबिकॉन या जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ चीनमधल्या कंपनीत गेला, तिथे त्याने पाण्याचा अंश जास्त असलेला द्रव तयार केला, आणि त्याच्या हाताखालच्या लोकांनी तो फॉर्म्युला तैवानला नेला. पण अर्धवट! गंज रोखणारी रसायनं त्यात नव्हतीच. आता ही बातमी आहे, कोर्टाचा निकाल नव्हे. मेरीलँड विद्यापीठात खराब कपॅसिटर तपासले तेव्हा आत हायड्रोजन मात्र खरोखरच सापडला.

इथपर्यंतची गोष्ट इंटरनेटवर कुठेही मिळेल. मला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची, म्हणजे भुर्दंड कोणी भरला ही.

डेलने मे २००३ ते जुलै २००५ या काळात असे धोक्याचे किमान १ कोटी १८ लाख कॉम्प्युटर विकले. त्यातले बरेचसे कपॅसिटर तर निचिकॉन या नावाजलेल्या जपानी कंपनीचे होते, म्हणजे चोरलेल्या फॉर्म्युल्याने सगळं उलगडत नाही. दुरुस्तीसाठी डेलने २००५ मध्ये ३० कोटी डॉलर बाजूला काढले. पण २०१० मध्ये एका खटल्यातली कागदपत्रं उघड झाली तेव्हा दिसलं की कंपनीला दोष माहीत असतानाही गिऱ्हाइकांशी बोलताना तो झाकायचा प्रयत्न चालला होता. टेक्सास विद्यापीठाच्या गणित विभागाने तक्रार केली, तर त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही मशीनवर फार अवघड गणितं करता म्हणून ती बंद पडतात!

हसू येतं खरं. पण "तुमच्याकडची हवाच खारी" आणि "तुमची गणितंच अवघड" यात फरक काय? एवढाच, की टेक्सासमध्ये ते जाणूनबुजून म्हटलं गेलं आणि आपल्याकडे प्रामाणिक समजुतीने. दुरुस्तीवाल्याला ना कंपनीचं पत्र आलं, ना सदोष बोर्डांची यादी. आणि मशीन असेंबल केलेलं. बोर्ड लॅमिंग्टन रोडचा, बिल असलंच तर साध्या कागदावर. कंपनीने बोर्ड परत घ्यायचं ठरवलं असतं तरी रत्नागिरीतल्या घरापर्यंत ते पोचणार कसं? काही कारागीर शहाणे होते. टोपी फुगलेली दिसली की पाच-सहा कपॅसिटर काढायचे आणि नवे डकवायचे. खर्च किरकोळ. पण ज्याला टोपीचा अर्थ माहीत नव्हता, त्याच्या हातून अख्खा बोर्ड बदलला जायचा.

सगळ्यात वाईट झालं ते फॉरमॅटचं. सीआयएच डिस्क पुसतो. कपॅसिटर डिस्कला सहसा हातही लावत नाही. म्हणजे रोग बोर्डात आणि ऑपरेशन डिस्कवर! किती घरांतले पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचे फोटो असे पुसले गेले असतील कोण जाणे. मशीन दोन दिवस बरं चालायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गोठायचं.

पुढे २००७ च्या सुमारास द्रवाऐवजी घन पॉलिमर वापरणारे कपॅसिटर चांगल्या बोर्डांवर सर्रास दिसू लागले आणि ही साथ ओसरली. पण गोष्टीचा साचा तोच राहिला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरवर गेम कोसळायचे, तेव्हा एरर ग्राफिक्स मेमरीची यायची आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. यावेळी लोकांकडे आकडे होते, ओरडायला जागा होती. २००४ च्या रत्नागिरीत यातलं काहीच नव्हतं.

आपण रोज प्रॉडक्शनमधले बग शोधतो तेव्हा हेच करतो ना? नेहमीचा आरोपी समोर असतो, नेटवर्क म्हणा किंवा युजर म्हणा, आणि तो बऱ्याचदा खरोखर दोषी असतोही. म्हणूनच तो धोकादायक. परत न येणारी कुठलीही गोष्ट पुसण्याआधी झाकण उघडून बघावं, एवढं तरी करावं.

असो. तुमच्या गावच्या घरी माळ्यावर त्या काळातला "गेलेला" सीपीयू पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. प्रोसेसरच्या आजूबाजूला टॉर्च मारा. टोप्या फुगलेल्या दिसल्या तर खूश व्हा! दोष बहुधा बोर्डाचा आहे. हार्ड डिस्क काढून घ्या, आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारी केबल अजून मिळते. फॉरमॅट झालेली नसेल आणि मधल्या पावसाळ्यांनी डिस्क सोडली असेल, तर फोटो तिथेच असतील.