भाजे–विसापूर–बेडसे : स्मारकस्तूपांची डोंगरफेरी

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील पायवाटांची फेरी. मळवली स्थानकापासून भाजे लेणी, विसापूर व लोहगड या किल्ल्यांमधील गायमुख खिंड, खाली पवनेचे खोरे, तेथून बेडसे लेणी आणि पुन्हा रांग ओलांडून भाजे, असा तिचा ढोबळ मार्ग. दोन्ही टोकांना इसवी सनापूर्वीच्या बौद्ध लेण्यांत दिवंगत भिक्षूंच्या आठवणीसाठी कोरलेले स्तूप आहेत आणि वाटेत जागोजागी ओढे लागतात. बहुतेक माणसे येथे किल्ल्यांसाठी येतात. मात्र या रांगेत सर्वांत जपून पाहावे असे काही असेल, तर ते हे स्तूप आणि त्यांच्या जवळची पाण्याची टाकी.

मळवलीहून भाजे गाव अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे. लेणी गावाच्या वर, पश्चिमेकडे तोंड करून आहेत. इ. स. पू. दुसऱ्या शतकातील हा २२ लेण्यांचा समूह महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या समूहांपैकी एक होय. चैत्यगृहात किंचित आत कललेले २७ अष्टकोनी खांब आहेत आणि छताला मूळच्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. दोन हजार वर्षांहून जुने लाकूड मावळच्या पावसात जागच्या जागी राहिले, हे महाराष्ट्राच्या वास्तुकलेतील मोठे भाग्य म्हणावे लागेल.

चैत्यगृहाच्या दक्षिणेस एकाच कातळातून काढलेले १४ स्तूप दाटीने उभे आहेत, ५ खडकाच्या छताखाली आणि ९ उघड्यावर. ते एका मापाचे नाहीत व एका वेळी केलेलेही दिसत नाहीत. जसजसे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, निवर्तले तसतशी भर पडत गेली असावी. काहींच्या माथ्यावर खोबण आहे, ती अस्थिपात्रासाठी असावी. मोजक्या स्तूपांवरील ब्राह्मी अक्षरांतून अंपिकिणक, धमगिरी आणि संघदिन ही नावे वाचली गेली आहेत. कुळ, गाव, पराक्रम यांचा उल्लेख नाही. ‘थेर’, आदरार्थी ‘भयंत’, नाव आणि ‘थूप’ एवढाच मजकूर. चैत्यगृह पाहून परतणारे लोक या ओळीकडे पाठ करून जातात, याचे वाईट वाटते. येथे थांबून ही नावे मोठ्याने उच्चारून पाहावीत.

याच लेण्यांत एका टाक्यावरही लेख आहे. ते टाके महारठी (ही सरदारपदवी) कोसिकीपुत्र विण्हुदत याने दान दिले. अशा टाक्याला तेव्हा ‘पोढी’ म्हणत. या रांगेच्या कोरीव लेखांत पाण्याचे दान पुन्हापुन्हा भेटते. लोहगडाच्या लोहगडवाडीकडील अंगाला ‘नमो अरहंताणं’ने सुरू होणारा जुना ब्राह्मी लेख आहे, त्यात इदरखित नावाच्या दात्याच्या पोढीचा उल्लेख येतो. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडणारा हा कातळ वस्तीला लावायचा, तर पावसाचे पाणी खडकात साठवणे हे पहिले काम होते. घाटमाथ्याकडे जाणाऱ्या व्यापाऱ्यांनाही त्याचा उपयोग झाला असेल. म्हणून मृतांचे स्मारक आणि जिवंतांचे पाणी येथे एकाच छिन्नीने घडले.

भाज्याच्या वर विसापूर (१,०८४ मी.) आणि त्याच्या शेजारी लोहगड (१,०३३ मी.) आहे. विसापूरच्या एका वाटेवर पावसाळ्यात पायऱ्यांवरूनच पाणी धावते. तेव्हा वाट आणि ओढा वेगळे उरत नाहीत. किल्ले १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून घेतलेल्या १२ किल्ल्यांत लोहगड आहे. किल्ल्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार नको. ही रांग म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेचे ओढे इंद्रायणीला, दक्षिणेचे पवनेला मिळतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते; पवना दापोडीजवळ मुळेत मिसळते आणि मुळा-मुठेच्या रूपाने पुढे तीही भीमेलाच पोचते.

गायमुख खिंडीतून दक्षिणेस उतरले की खोरे बदलते आणि फेरीचे दुसरे टोक येते. बेडसे लेणी भाज्यानंतरची, साधारण इ. स. पू. पहिल्या शतकातील. पूर्वेकडे तोंड असल्याने ती सकाळीच पाहावीत. चैत्यगृहापुढच्या उंच खांबांवर घोडे, हत्ती आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुसणक याच्या दानाचा लेख येथे आहे. एका टाक्यावर महाभोजाची (हीही सरदारपदवी) कन्या, महारठिनी सामडिनिका हिचे नाव आहे. दात्यांची ही यादी श्रीमंतांची आहे.

या लेखांजवळच एक लहानसा स्तूप आहे. त्याच्या लेखाप्रमाणे तो गोभूतीचा. गोभूती अरण्यात राहणारा, भिक्षेवर जगणारा, मारकुडवासी. मारकुड हे या डोंगराचे जुने नाव असावे. स्तूप करवला तो त्याचा शिष्य असाळमित याने. ज्याने आयुष्यभर काही जवळ ठेवले नाही त्याचे नाव दगडात टिकले, ते एका शिष्याच्या प्रेमामुळे. संपूर्ण फेरीतील हा सर्वांत मोलाचा मजकूर आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मृतांच्या स्मारकांवरून जाणाऱ्या वाटा इतरत्रही आहेत : युरोपात लोहयुगीन केल्टिक सरदारांच्या थडग्यांवरून जाणाऱ्या ग्रामीण पायवाटा आहेत. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या होखडोर्फ येथील मातीच्या टेकाडाखाली १९७८–७९ च्या उत्खननात इ. स. पू. सहाव्या शतकातील दफन उघडले गेले. त्यात चारचाकी रथ, काशाचा मोठा हंडा आणि सोन्याने मढवलेली पादत्राणे होती. महाराष्ट्रात त्याच्या जवळ जाणारे रूप विदर्भात दिसते. नागपूरजवळच्या जुनापाणी येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे आहेत, तर माहुरझरीच्या वर्तुळांत साजासह पुरलेले घोडे मिळाले. पुणे जिल्ह्यातच, पण पूर्वेला, घोडनदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाणयुगातील माणसे आपल्या मृतांना घराच्या जमिनीखाली पुरत. लहान मुलांसाठी तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण वापरत. या सगळ्यांत मृताबरोबर वस्तू ठेवलेली असते किंवा त्याला घराजवळ राखलेले असते. भाजे-बेडशाच्या स्तूपांत ऐवज नाही, घरही नाही. येथे भिक्षुसंघच मृताचे कुटुंब होता. या परंपरेचा मोठा विस्तार मुंबईच्या कान्हेरीत आहे. तेथील विटांच्या स्मारकस्तूपांचे लेख शोभना गोखले यांनी वाचले आणि त्या स्मशानातील थेरांना नावे मिळाली.

  पुन्हा मावळाकडे वळले, तर पवनेच्याच खोऱ्यात, बरेच खालच्या अंगाला, तळेगावच्या वाटेवर घोराडेश्वर (शेलारवाडी) हे लेणे आहे. तेथील एका लेखात धेनुकाकट या ठिकाणच्या उसभणक या नांगरधारी शेतकऱ्याची पत्नी सिअगुटणिका आणि तिचा मुलगा नंद यांनी लेणे दिल्याचे म्हटले आहे. म्हणजे या खोऱ्यातील दाते सारेच महारठी किंवा शेठ नव्हते. शेतावर राबणाऱ्या घराचाही त्यात वाटा होता. आता तेथे शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला गर्दी लोटते.

फेरीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ओढ्यांना पाणी हवे असेल तर पाऊस ओसरल्यावर लगेच जावे. ऐन आषाढ-श्रावणात भाज्याचे धबधबे गर्दीने भरतात, दगड शेवाळतो आणि विसापूरच्या पाण्याच्या वाटेवर पाय घसरून अपघात होतात. बेडशाहून रांग ओलांडताना झाडीत वाट फुटते, म्हणून गावातील माहीतगार सोबत घ्यावा. एका दिवसात सगळे उरकण्याची घाई करू नये. भाजे व बेडसे वेगवेगळ्या दिवशी पाहिले तरी चालते. स्तूपांवर चढणे, टेकून बसणे किंवा अक्षरांवरून हात फिरवणे टाळावे. उघड्यावरचा बेसाल्ट पावसाने आधीच झिजत आला आहे आणि धमगिरीच्या नावाची जी अक्षरे अजून वाचता येतात, ती पुढच्या पिढीलाही वाचता यायला हवीत.