रूपकुंडाची साक्ष

गढवालातील चमोली जिल्ह्यात, त्रिशूळ पर्वताच्या कुशीत, सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड आहे. वाण गाव सोडून बेदिनी बुग्यालची हिरवळ मागे टाकली, की पुढे केवळ दगड आणि बर्फ. हिमनदीने कोरलेले हे तळे जेमतेम ४० मीटर रुंद, वर्षातील बहुतेक काळ गोठलेले. एवढी चढण चढून पाहावयाचे काय? तर काठावर विखुरलेली शेकडो माणसांची हाडे!

१९४२ साली एका वनाधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली आणि तर्कांना ऊत आला. कोणी म्हणाले, १८४१ साली तिबेटात पडलेल्या जोरावरसिंहाचे हे सैनिक. परंतु सैन्य म्हणावे, तर शस्त्रे कोठे आहेत? आणि या सांगाड्यांत स्त्रिया कशा? गढवाली लोकगीते निराळेच सांगतात. कनौजचा राजा जसधवल नर्तकींसह यात्रेस निघाला. नंदादेवी कोपली आणि तिने लोखंडासारख्या गारा वर्षविल्या.

ही कथा आम्ही हसण्यावारी नेणार नाही. २००४ साली जी पाहणी झाली, तीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मानवशास्त्रज्ञही होते. काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल आघातांच्या खुणा आढळल्या. गारपिटीची आठवण लोकांनी जपली असावी, असे तेव्हा वाटले.

मात्र २०१९ साली ३८ जणांच्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एकाच दुर्घटनेची कल्पना ढासळली. त्यांतील २३ जण भारतीय वंशाचे. ते सातव्या ते दहाव्या शतकांत, वेगवेगळ्या वेळी मरण पावले. नंदादेवीच्या यात्रेच्या वाटेवरच हे कुंड असल्याने त्यांपैकी काही यात्रेकरू असावेत. १४ जण मात्र पूर्व भूमध्यसागराकडील, आजच्या ग्रीस आणि क्रीटच्या लोकांशी जवळचे नाते असलेले. त्यांचा मृत्यू इ. स. १८००च्या आसपासचा. उरलेला एक आग्नेय आशियातील. ते परके लोक येथे कशासाठी आले, याचा उलगडा झालेला नाही.

तेव्हा लोककथा खोटी ठरली काय? आमच्या मते नाही. ती अपुरी ठरली. पुढचा शोध लागावयाचा तो याच हाडांवरून. पण येणारेजाणारे ती हलवतात, रचून ठेवतात, काही तर आठवण म्हणून घरी नेतात. कागदपत्र जाळणाऱ्यास आपण दोष देतो. येथे हाडे हाच कागद आहे, आणि त्याची दुसरी प्रत नाही. रूपकुंडास जाणाऱ्याने डोळे भरून पाहावे, हात जोडावेत आणि रिकाम्या हातांनी परतावे.