'ब्रेन ऑन फायर': पोरगी वेडी झाली असं सगळ्यांना वाटत होतं, एका घड्याळाच्या चित्राने खरा आजार सापडला

२००९ ची सुरुवात. 'न्यूयॉर्क पोस्ट'मध्ये काम करणाऱ्या २४ वर्षांच्या सुझाना कहालनला हातावर दोन लाल ठिपके दिसले आणि घरात ढेकूण झालेत असं तिच्या डोक्यात बसलं. फवारणीवाल्याला बोलावलं, पण ढेकूण काही सापडले नाहीत. मग डावा हात बधिर पडायला लागला. बॉयफ्रेंडवर विनाकारण संशय यायला लागला. ऑफिसमध्ये एका क्षणी रडू, तर दुसऱ्या क्षणी हसू. आणि एका रात्री तिला फिट आली.

'ब्रेन ऑन फायर' हा सिनेमा याच सुझानाची खरी गोष्ट सांगतो. तिच्या २०१२ साली आलेल्या त्याच नावाच्या पुस्तकावर तो बेतलेला आहे. दिग्दर्शक जेरार्ड बॅरेट, सुझानाच्या भूमिकेत क्लोई ग्रेस मॉरेट्झ आणि निर्मात्यांमध्ये शार्लीझ थेरॉन. २०१६ ला टोरांटोच्या फेस्टिव्हलमध्ये तो दाखवला गेला, पण जगभरातल्या लोकांनी पाहिला तो २०१८ ला नेटफ्लिक्सवर आल्यावर.

सिनेमात सगळ्यात जास्त राग येतो तो डॉक्टरांचा. एमआरआय नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. मग निष्कर्ष काय? दारू जास्त होतेय, झोप कमी पडतेय, कामाचा ताण आहे. पुढे बायपोलर, सायकोसिस असे शब्द यायला लागतात. पण डॉक्टरांच्या बाजूनेही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिला जो आजार होता त्याची ओळख पटूनच जेमतेम दोन वर्षं झाली होती. त्यामुळे बहुतेक डॉक्टरांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

तिच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, तेव्हा मेंदूत काहीतरी चाललंय एवढं कळलं. पण काय, ते कळेना. शेवटी केस आली सीरियात जन्मलेल्या डॉ. सुहेल नज्जर यांच्याकडे. त्यांनी कुठलं महागडं मशीन लावलं नाही. सुझानाच्या हातात पेन दिलं आणि घड्याळ काढायला सांगितलं.

तिने गोल काढला, आकडे लिहिले. पण १ ते १२ हे सगळे आकडे गोलाच्या उजव्या बाजूला दाटीवाटीने कोंबले. डावी बाजू कोरी! डाव्या बाजूचं भान मेंदूचा उजवा भाग ठेवतो. म्हणजे बिघाड तिथे होता आणि तो शारीरिक होता. नज्जर यांनी तिच्या आईवडिलांना सोप्या शब्दांत सांगितलं की तिच्या मेंदूला आग लागली आहे. पुस्तकाचं नाव तिथूनच आलं.

मेंदूचा छोटा तुकडा काढून तपासल्यावर सूज असल्याचं पक्कं झालं. आणि आजाराचं नाव निघालं, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस.

नाव अवघड आहे, पण भानगड समजायला सोपी आहे. आपल्या शरीरातल्या अँटीबॉडीज बाहेरून आलेल्या जंतूंशी लढतात. या आजारात त्या चुकून मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करतात. आठवण, शिकणं, वागणं या सगळ्यात या रिसेप्टरचा हात असतो. ते कमी झाले की माणसाला भास होतात, संशय येतो, फिट येतात, बोलणं अडखळतं आणि काही जण तर पुतळ्यासारखे थिजून जातात. आपल्याकडे अशा मुलीला बघून 'बाहेरचं काहीतरी आहे' म्हणणारे चार जण सहज भेटले असते.

२००७ मध्ये जोसेप डॅलमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ महिला रुग्णांचा अभ्यास करून हा आजार मांडला. त्यातल्या बहुतेकींच्या अंडाशयात टेराटोमा नावाची गाठ होती. सुझानाला मात्र अशी गाठ नव्हती. आजार तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो, पण पुरुषांना आणि लहान मुलांनाही होतो. इतकंच काय, बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातलं प्रसिद्ध पांढरं अस्वल 'क्नूट' २०११ मध्ये पाण्यात पडून मेलं, त्यालाही हाच आजार होता हे २०१५ मध्ये समोर आलं.

उपचार आहेत. स्टिरॉइड्स, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तातला प्लाझ्मा बदलणं. वेळेत सुरू झाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. सुझानाही काही महिन्यांनी कामावर परतली.

सिनेमा कमी पडतो तो इथेच. बरं होण्याचा सगळा लांबलचक काळ तो झटपट उरकतो. समीक्षकांनीही त्याला फारसं उचलून धरलं नाही. शिवाय पुस्तकातली सगळ्यात जबरदस्त गोष्ट पडद्यावर नीट उतरत नाही. हॉस्पिटलमधला तो महिना सुझानाला जवळपास आठवतच नाही. त्यामुळे तिने स्वतःवरच बातमीदारी केली. हॉस्पिटलच्या कॅमेऱ्याचं फुटेज पाहिलं, केसपेपर वाचले, डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्या. तिचे आईवडील घटस्फोटित होते. लेकीजवळ आळीपाळीने बसताना ते एका वहीत एकमेकांसाठी नोंदी लिहून ठेवायचे. तीही वही तिने वाचली.

पुढे एका मनोरुग्णालयात सुझानाने आपली गोष्ट सांगितली. त्यानंतर तिला तिथल्याच एका तरुणीबद्दल कळलं. वय साधारण तिच्याएवढंच, लक्षणंही तशीच आणि आजारही मेंदूच्या सुजेचा. पण त्या मुलीवर स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला होता आणि खरं निदान व्हायला दोन वर्षं गेली. ती पूर्वीसारखी होण्याची शक्यता उरली नव्हती. २०१९ मध्ये आलेल्या 'द ग्रेट प्रिटेंडर' या सुझानाच्या दुसऱ्या पुस्तकामागे हीच मुलगी आहे.