बिडाचा तवा आणि कोबाल्टचा चुंबक

फुनाबोरीत आपली बरीच मंडळी संगणकवाली. हार्ड डिस्कच्या चकतीवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो, हे त्यांना मी काय सांगणार! आणि घावनासाठी सामानाचं वजन सोसून गावाहून आणलेला बिडाचा तवाही घरोघरी आहेच. या दोन धातूंची गाठ इतिहासात एकाच वेळी पडते, ती पहिल्या महायुद्धात (१९१४-१८).

युद्धामुळे परदेशी माल येईनासा झाला. जपानला मोजमापाच्या उपकरणांसाठी लागणारं चुंबकी पोलाद मिळेना, आणि आपल्याकडे किर्लोस्करवाडीला नांगरांसाठी कच्चं लोखंड मिळेना. दोन्हीकडची माणसं जवळजवळ एकाच वयाची: लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९चा, होंडा कोतारो यांचा १८७०चा.

होंडा सेंदाईच्या तोहोकु विद्यापीठात होते. १९१७ मध्ये त्यांनी सहकारी ताकागी यांच्यासह लोखंडात ३० ते ४० टक्के कोबाल्ट, शिवाय टंगस्टन आणि क्रोमियम घालून पोलाद बनवलं. ते तापवून झटकन थंड केलं, की चुंबकपण असं घट्ट धरून ठेवी, की आधीच्या टंगस्टन पोलादाच्या तिपटीहून अधिक. पैसा सुमितोमो किचिझाएमोन यांनी दिला, म्हणून त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ते ‘केएस’ पोलाद.

बीड यातलं काहीच करत नाही. ते चुंबकाला चिकटतं, पण स्वतः चुंबकपण फारसं धरत नाही. त्यात २ ते ४ टक्के कार्बन असतो, आत ग्रॅफाइटचे पापुद्रे. त्यामुळे दाब भरपूर सोसतं, पण ताण दिला किंवा आपटलं की तडकतं. (तवा फरशीवर पडला तर कळतंच!) मात्र शुद्ध लोखंड वितळायला दीड हजाराच्या वर अंश लागतात, तिथे बीड बाराशेच्या आसपास पाण्यासारखं वाहू लागतं आणि साच्याचा कोपरान् कोपरा भरतं. शिवाय मोडलेलं पुन्हा वितळवता येतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणरावांना दिल्या, त्या याचमुळे कामी आल्या. तोफांचे नांगर झाले!

केएस पोलादाला हे सुख नाही. त्यातल्या घटकांचं प्रमाण बिघडलं तर गुण गेला, मोडीतून सहज होणारं ते काम नव्हे. पण म्हणून बिडाला हलकं समजणं मला पटत नाही. जपानकडे विद्यापीठ होतं आणि पैसे देणारा सावकार होता. वाडीत माळरान, भट्टी आणि एक जाणता राजा. ज्याच्याजवळ जे होतं, त्याला साजेसा धातू त्याने निवडला.

कोबाल्ट मात्र महागच राहिलं. १९३१ मध्ये तोक्योच्याच मिशिमा तोकुशिची यांनी लोखंडात निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम घालून, कोबाल्टशिवायच, होंडांच्या चुंबकाहून सरस चुंबक काढला. होंडाही गप्प बसणारे नव्हते. तीनच वर्षांत त्यांनी ‘नवा केएस’ आणला, आणि त्यात कोबाल्ट होतंच.