ठाण्याच्या खाडीचे हिंवाळी पाहुणे

ऋतुमानाप्रमाणें येणाऱ्या-जाणाऱ्या पक्ष्यांविषयीं बोलतांना आपण बहुधा असें गृहीत धरतों कीं, हा क्रम अनादि आहे. नदी जशी उताराकडे वाहते, तसे हे पक्षी ठरल्या वेळीं ठरल्या जागीं उतरतात, आणि मनुष्याच्या इतिहासाशीं त्यांचा कांहींएक संबंध नसतो. आज ज्या खाडीची हकीकत आपल्यापुढें ठेवावयाची आहे, ती या समजुतीला धक्का देणारी आहे. ठाण्याच्या खाडीवर दर हिंवाळ्यांत जी गुलाबी पांखरांची पंगत बसते, तिला इतिहास आहे. तो फार जुना नाहीं. आणि त्याचा बराचसा भाग आपल्याच हातून, नकळत, लिहिला गेला आहे.

मुंबई व साष्टी यांना मुख्य भूमीपासून निराळें करणारी ही खाडी सुमारें २६ किलोमीटर लांब आहे. उत्तरेस, शिलाहारांच्या जुन्या राजधानीपाशीं, ती अरुंद असून उल्हास नदीच्या खाडीशीं एका चिंचोळ्या प्रवाहानें जोडलेली आहे. दक्षिणेस रुंदावत ती मुंबईच्या बंदरास मिळते. दिवसांतून दोनदां भरतीचें पाणी आंत शिरतें व दोनदां ओसरतें. ओहोटी लागली म्हणजे कांठांवर चिखलाचीं विस्तीर्ण मैदानें उघडीं पडतात. नगरवासीयांच्या दृष्टीनें तो नुसता चिखल. पक्ष्यांच्या दृष्टीनें तें वाढलेलें ताट. किडे, शिंपले, बारीक खेकडे आणि डोळ्यांना न दिसणारें सूक्ष्म शेवाळ यांनीं तो चिखल भरलेला असतो. कांठच्या कोळी बांधवांनीं पिढ्यान् पिढ्या याच चिखलांतून निवट्या व खेकडे काढून संसार चालविले.

या ताटावरचे जुने मानकरी म्हणजे तुतवार, चिखल्या, कुरव इत्यादि पक्षी होत. मुठीत मावेल एवढा तुतवार उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियांत अंड्यांतून बाहेर येतो आणि थंडी पडूं लागतांच हजारों मैल ओलांडून आपल्या किनाऱ्यावर पोहोंचतो. चिखल्यांपैकीं कांहीं लडाख व तिबेटच्या पठारांवरून उतरतात. ध्रुवप्रदेशापासून हिंदी महासागरापर्यंतच्या या आकाशमार्गाला अभ्यासक मध्य आशियाई मार्ग म्हणतात. हें ऋतुचक्र आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हतें. मेघदूतांतील राजहंस मेघगर्जना ऐकून मानससरोवराकडे निघतात. कवीचा तो कल्पनाविलास असला, तरी त्याच्या मुळाशीं निरीक्षण आहे: पावसाची चाहूल लागली कीं अनेक जलपक्षी आपला मुक्काम हलवितात.

रोहित पक्षी, ज्याला कोणी अग्निपंख म्हणतात व शहरांत फ्लेमिंगो या नांवानें ओळखतात, तोहि याच नियमानें चालतो. मात्र त्याला सैबेरियास जावें लागत नाहीं. त्याचें मानससरोवर कच्छच्या रणांत आहे. पावसाळ्यांत रणाचा खारा पट उथळ पाण्याखालीं जातो व त्यांत चिखलाचीं बेटें उरतात. कोल्ह्या-लांडग्यांची सहसा वाट न पोहोंचणाऱ्या अशा जागीं रोहित चिखलाचे लहान लहान बुरूज रचून त्यांवर अंडीं घालतो. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्या कारकीर्दींत या वसाहतीची माहिती बाहेर आली, आणि १९४५ च्या एप्रिलांत सलीम अली यांनीं तेथें जाऊन मोजदाद केली, तेव्हां घरट्यांची संख्या एक लाखावर भरली. तीं मोठ्या रोहिताचीं घरटीं होतीं. लहान रोहित ही दुसरी जात. तिचे मोठे थवे पूर्व आफ्रिकेंतील क्षारसरोवरांवर व पश्चिम हिंदुस्थानांत आढळतात; परंतु जगांत तिच्या नियमित विणीच्या जागा हातांच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, आणि त्यांपैकीं एक आपल्या गुजरातेंत आहे.

आतां मुख्य प्रश्न असा कीं, कच्छचे हे रहिवासी मुंबईच्या दारांत कधीं व कां आले? १९९० नंतरच्या दशकांत शिवडीच्या चिखलावर ते हजारोंनीं दिसूं लागले. पुढें खाडीच्या दोन्ही कांठांवर त्यांची संख्या वाढत गेली आणि अलीकडच्या गणनांत ती एक लाखाच्या वर गेली आहे. त्यांत लहान रोहितच अधिक.

याचें कारण शोधूं गेल्यास खाडीचाच इतिहास उलगडावा लागतो. १८५४ सालीं ठाण्याहून कल्याणकडे लोहमार्ग नेतांना या खाडीवर पूल झाला. विसाव्या शतकांत तुर्भ्यास तेलशुद्धीचे कारखाने आले, १९६० नंतर पूर्व कांठावर कारखान्यांची रांग उभी राहिली, १९७० सालीं नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडकोची स्थापना झाली आणि १९८९ सालीं न्हावा शेव्याचें बंदर सुरू झालें. भराव, पूल व बंधारे यांमुळें प्रवाह मंदावला, गाळ सांचूं लागला. त्यांत लक्षावधि घरांचें सांडपाणी मिसळलें. सांडपाण्यांतील द्रव्यें म्हणजे शेवाळाला खतच; आणि चोंच उलटी करून पाणी गाळून घेणाऱ्या लहान रोहिताचें तेंच मुख्य अन्न. त्याच्या पंखांचा गुलाबी रंगदेखील या आहारांतून येतो. सारांश, ज्या घाणीनें कोळ्यांच्या जाळ्यांतील मासळी कमी केली, तिनेंच रोहितांचें ताट भरलें, असें अनेक अभ्यासकांचें म्हणणें आहे.

म्हणूनच रोहितांचा मेळा पाहून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढणें धाडसाचें होईल. फार तर एवढेंच म्हणतां येईल कीं, बिघडलेल्या खाडीला एक नवा पाहुणा मानवला. ही सोय कायमची नव्हे. दूषण एका मर्यादेपलीकडे गेलें, तर पाण्यांतील प्राणवायु सरून तेंच ताट विषारी होईल. दुसरीकडे, सांचलेल्या गाळावर तिवरांचें रान पसरत आहे. तिवरें किनाऱ्याचीं रक्षक खरीं. पण उघडा चिखल त्यांच्याखालीं गेला, म्हणजे रोहिताला व तुतवाराला चरावयास जागा उरत नाहीं. एका हिताचें दुसऱ्या हिताशीं असें भांडण लागलेलें आहे.

पक्षी कोठून येतात हें ओळखण्याची शास्त्रीय युक्ति तशी अलीकडचीच. १८९९ सालीं डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन नांवाच्या एका शिक्षकानें कांहीं पक्ष्यांच्या पायांत अंक कोरलेलीं ॲल्युमिनियमचीं वळीं घालून त्यांना सोडून दिलें; तेथून या विद्येला शिस्त आली. आपल्याकडे १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें तें काम पुढें नेलें, आणि २०२२ सालीं तिच्या अभ्यासकांनीं ठाण्याच्या खाडींतील कांहीं रोहितांच्या अंगावर उपग्रहाशीं बोलणारीं लहान यंत्रें बसविलीं. त्यांतून गुजरातपर्यंतचा प्रवास नकाशावर उमटला. केवळ तर्कानें जोडलेलीं दोन टोकें त्यामुळें प्रत्यक्ष जोडलीं गेलीं.

या ज्ञानाबरोबर कायदाहि सरसावला. २००५ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली. ऑगस्ट २०१५ मध्यें खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग रोहितांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. १९७१ सालीं इराणांतील रामसर गांवीं झालेल्या करारानुसार जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी यादी होते, तिच्यांत २०२२ सालीं अभयारण्य व भोंवतालचा टापू मिळून ६,५२१ हेक्टर क्षेत्र दाखल झालें.

हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु कायदा नकाशावर रेघ ओढतो, आणि पक्षी भरतीच्या रेघेप्रमाणें चालतो. अभयारण्य ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यान आहे. शिवडीचा चिखल त्याच्या बाहेर राहिला. भरतीनें चिखल झांकला गेला, म्हणजे रोहितांना उथळ तळ्यांत विसावा घ्यावा लागतो. तीं तळींहि पुष्कळशीं सीमेबाहेर, नव्या मुंबईच्या वस्तीला चिकटून आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यांत नेरुळकडील एका तळ्याला भरतीचें पाणी मिळेनासें होऊन तें सुकलें, आणि त्याच सुमारास त्या भागांत कांहीं रोहित मेलेले सांपडले. त्याच वर्षीं २० मे रोजीं रात्रीं घाटकोपरवर उतरत्या विमानाच्या मार्गांत एक थवा सांपडून तिसांहून अधिक पक्षी ठार झाले. १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झालेला, २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु शिवडीच्या चिखलावरूनच निघतो. त्याच्या त्या टोंकाला आवाज अडविणारे पडदे लावले आहेत, ही गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे; पक्ष्यांचाहि विचार करून बांधकाम करतां येतें, याची ती साक्ष आहे.

या साऱ्या हकीकतीचें तात्पर्य काय? जो पाहुणा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं आला, तो तितक्याच काळांत निघूनहि जाऊं शकतो. त्याला ना वतन आहे, ना या जागेची शपथ. रणांतील पाणी, खंबायतच्या आखाताचा कांठ, शिवडीचा चिखल आणि नेरुळचें तळें हे एकाच साखळीचे दुवे आहेत. कोणताहि एक तुटला तरी साखळी तुटते, आणि बाकीचे कितीहि जपले तरी व्यर्थ होतात. शिवाय रोहितांच्या मोहांत तुतवार, निवट्या व कोळ्यांचें जाळें यांचा विसर पडतां कामा नये; खाडीवर त्यांचा हक्क अधिक जुना आहे. सांडपाणी शुद्ध करूनच खाडींत सोडावें, भरतीच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या, आणि उघड्या चिखलाला पडीक जमीन म्हणूं नये, या तीन गोष्टी आपल्या हातांतल्या आहेत. खाडीचा मागील इतिहास आपण न जाणतां घडविला. पुढचा मात्र जाणूनबुजून घडवावा लागेल, कारण आतां अज्ञानाची सबब आपणांस उरलेली नाहीं.