महाकृष्णविवराजवळील तारानिर्मिती

दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराच्या निकट परिसरात मोठ्या वस्तुमानाचे तारे घडण्याची प्रक्रिया. तिचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण आपल्याच आकाशगंगेच्या केंद्रात, धनू राशीच्या दिशेला सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे. तेथील सॅजिटेरियस ए-स्टार या कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट असून त्याच्यापासून दीड प्रकाशवर्षाच्या आत शंभराहून अधिक तप्त महातारे आढळतात. मधल्या धुळीमुळे ते अवरक्त किरणांतच दिसतात. त्यांचे वय जेमतेम ४० ते ६० लाख वर्षे, आणि पेच नेमका तोच आहे.

कृष्णविवराच्या भरती-ओहोटी बलामुळे वायूचा साधा ढग येथे ताणला जाऊन फाटतो. एक तृतीयांश प्रकाशवर्ष अंतरावर तग धरायला त्याच्या दर घन सेंटिमीटरमध्ये अब्जावधी कण हवेत. इतरत्र तारे घडवणाऱ्या मेघांच्या गाभ्यात ते लाखाच्या आसपास असतात. तारकागुच्छ दूर जन्मून आत सरकला म्हणावे, तर वाटेत मागे पडलेले तरुण तारे पुरेसे सापडत नाहीत.

२००३ मध्ये युरी लेविन व आंद्रेई बेलोबोरोदोव यांनी दाखवले, की केंद्रातील या महाताऱ्यांपैकी बरेच एकाच प्रतलात, एकाच दिशेने फिरतात. यावरून चकतीची उपपत्ती बळावली आणि आज तीच सर्वांत पटण्याजोगी वाटते. आत कोसळलेला मोठा मेघ कृष्णविवराभोवती फिरत चपटा होतो. चकती निवत जाऊन पुरेशी दाट झाली, की स्वतःच्याच गुरुत्वाने तिचे तुकडे पडतात. येथील वायू तुलनेने उष्ण असल्याने लहान गोळे आकसत नाहीत, मोठे आकसतात. शिवाय भोवतालचा वायू ओढून ते आणखी वाढतात. महाताऱ्यांचे प्रमाण येथे एरवीपेक्षा जास्त का, हे त्यातून उलगडते.

कृष्णविवराच्या अगदी निकट फिरणाऱ्या, एस-तारे म्हणवल्या जाणाऱ्या ताऱ्यांना मात्र ही उपपत्ती जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांच्या कक्षा वाटेल तशा कललेल्या आहेत. १६ वर्षांत फेरी पूर्ण करणारा एस-२ मे २०१८ मध्ये कृष्णविवरापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या केवळ १२० पटींवरून गेला. तो तेथे जन्मला असणे जवळपास अशक्य. जॅक हिल्स यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार तारकायुग्म कृष्णविवराजवळ आले की फुटते: एक तारा त्याच्याभोवती अडकतो, दुसरा भिरकावला जातो. एस-तारे असेच अडकलेले असावेत. सेकंदाला सुमारे १,७०० किमी वेगाने धावणारा, केंद्रातूनच असा भिरकावलेला एक तारा २०१९ मध्ये जाहीर झाला.

देवयानी दीर्घिकेच्या कृष्णविवराभोवतीही निळ्या ताऱ्यांची छोटी चकती आहे. तिचे वय मात्र १० ते २० कोटी वर्षे मानतात.