जुम्मा दरवाज्याची झुंज

वीरांच्या कथा निघाल्या म्हणजे सिंहगड, पावनखिंड व पानिपत ही नावे ओघानेच येतात, आणि ती यावीतच. परंतु १८१७ च्या डिसेंबरात नागपूर शहराच्या तटाशी जी झुंज झाली, तिची माहिती आपल्या मुलांस क्वचितच असते. आज गोंदिया जिल्हा म्हणून ओळखला जाणारा आपला हा वैनगंगेकाठचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. म्हणून तो इतिहास आपलाच आहे.

२६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढाई पेटली. इंग्रजांपाशी सुमारे दीड हजार शिपाई होते. भोसल्यांची फौज कित्येक पटींनी मोठी होती. रात्रभर गोळीबार चालला. सकाळी भोसल्यांच्या अरब पायदळाने लहान टेकडी काबीज केली; परंतु कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने ऐन वेळी हल्ला केला आणि हाती आलेला विजय निसटला. पुढे १६ डिसेंबरला आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत गेले आणि त्याच दिवशीच्या लढाईत त्यांची फौज उधळली.

धनी शत्रूच्या गोटात, तोफा गेलेल्या, सेना पांगलेली. येथे युद्ध संपावयास हवे होते. परंतु अरब व हिंदुस्थानी शिपायांनी शहरात शिरून तटाचा आश्रय घेतला व शरण जाण्याचे नाकारले.

शहरातील लढाईचा धर्मच निराळा असतो. मैदानात कवायती पलटणीची रांग भारी पडते. अरुंद गल्लीत रांग धरता येत नाही आणि घोडाही वळत नाही. प्रत्येक भिंत तट होते व प्रत्येक खिडकी बुरूज. शत्रू दहा पावलांवर असतो. अशा ठिकाणी सेनापतीचा हुकूम पोहोचत नाही, एकेका शिपायाची छातीच कामास येते.

जनरल डव्हटनने वेढा घातला. तोफांनी जुम्मा दरवाज्याशी खिंडार पाडून २४ डिसेंबरला हल्ला चढविला. आतील घरांच्या आडोशाने अरबांनी बंदुकींचा असा मारा केला की हल्लेखोरांस माघार घ्यावी लागली. अखेर बोलणी होऊन ३० डिसेंबरला ते शिपाई आपली बायकामुले व चीजवस्तू यांसह शहराबाहेर पडले.

हे लोक पगारी होते. थकलेले वेतन व सुरक्षित वाट यांचा विचारही त्यांच्या मनात होता. हे लपविण्याचे कारण नाही. परंतु केवळ पगारासाठी लढणारा मनुष्य धनी गेल्यावर खिंडारात उभा राहत नाही. तेथे शिपाईपणाची अब्रूही होती. तसेच हेही विसरू नये की, खिंडारावर चालून गेलेल्या कंपनीच्या पलटणींतही बहुतेक शिपाई याच देशाचे होते. तेही धैर्यानेच मेले. दोन्हीकडे रक्त आपले सांडले आणि राज्य तिसऱ्याचे झाले.

ही ज्वाला आपल्या दारापर्यंत आली. १८१८ मध्ये आप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले, आणि त्याच वर्षी गोंदियाजवळील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल इंग्रजांविरुद्ध उठला. इंग्रजी फौजेने कामठा घेतला व तो उठाव मोडला.

जुम्मा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी तलावानजीकच्या त्या दरवाज्यास आता गांधी दरवाजा म्हणतात. ज्या जागी रक्ताचा सडा पडला, तिला अहिंसेच्या उपासकाचे नाव मिळाले, हे उचितच झाले.

सेनापतींची नावे इतिहासाने जपली. खिंडारात पडलेल्या साध्या शिपायाचे नाव कोणी लिहिले नाही. त्याची जात, त्याचे गाव, त्याची भाषा आज कोणास ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्याच्या शौर्यावर कोणा एका ज्ञातीस हक्क सांगता येत नाही. आपल्या ज्ञातीचा अभिमान आपण अवश्य बाळगावा. परंतु पराक्रमाचे मोल करताना जात विचारू नये. नागपुरास जाणाऱ्या बांधवांनी त्या दरवाज्याखाली क्षणभर थांबावे व सोबतच्या मुलांस ही हकीकत सांगावी, एवढीच विनंती.